सोडत : चिठ्ठीपासून संगणकापर्यंत

श्रोतेहो, आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. एक ते शंभर, एक ते तीनशे किंवा एक ते दीड लाख अशी एखादी मर्यादा ठरलेली आहे आणि तीमधील एक पूर्णांक निवडावयाचा आहे. निवड अशी हवी की, मर्यादेतल्या प्रत्येक आकड्याला सारखीच संधी मिळावी आणि कोणता आकडा निघणार हे निवडणाऱ्यालाही अगोदर कळू नये. प्रश्न इतकाच आहे. शाळेतल्या मुलाला वाटेल, यात काय अवघड? परंतु माणसाने या एका प्रश्नावर दोन-अडीच हजार वर्षे डोके चालविले आहे, आणि आज संगणकाच्या काळातही तो पुरता सुटला आहे असे समजून झोपी जाण्यात शहाणपण नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. गणित हा आमचा धंदा नव्हे. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांतील माणसाच्या पोटाशी त्याची गाठ पडली आहे. कोणत्या गावचे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव व्हावे, हे तहसील कचेरीत लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढून ठरते. तालुक्यात भात किती पिकले, हे ज्या खाचरांची कापणी करून ठरते ती खाचरे आकडे काढून निवडलेली असतात. कारखान्यात तपासनीस केव्हा यायचा, हे संगणक ठरवू लागला आहे. आणि गिरणी कामगारांच्या घरांची सोडत तर सर्वांच्या माहितीची आहे. तेव्हा सोडतीचा हा इतिहास थोडक्यात पाहू.

आपल्याकडे याचा आरंभ बेहड्याच्या झाडाखाली होतो. वेदकाळी द्यूतात फाशांऐवजी बेहड्याची फळे वापरीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दुःखाचे एक पूर्ण सूक्त आहे. हेच बेहड्याचे झाड आपल्या सह्याद्रीच्या उतारावर आजही उभे आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात या झाडाची एक गोष्ट आहे. राजा ऋतुपर्ण रथातून जात असताना एका बेहड्याच्या झाडावर किती पाने व किती फळे आहेत हे सांगतो. सारथी झालेला नल रथ थांबवून मोजतो, तो हिशेब बरोबर! ऋतुपर्ण म्हणतो, मी अक्षविद्या जाणतो, म्हणूनच संख्येतही निपुण आहे. फाशांची विद्या आणि थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधण्याची विद्या या सख्ख्या बहिणी आहेत, ही जाणीव या कथेत दिसते. युरोपातील गणितज्ञांनी ती शास्त्र म्हणून मांडली ती फार नंतर.

खेळातून सोडत राज्यकारभारात आली. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातील, सुमारे इ. स. ९२० चे, शिलालेख आहेत. गावसभेचे सभासद कसे निवडावयाचे याचे नियम त्यांत कोरले आहेत. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकावयाची, आणि आत काय आहे हे न जाणणाऱ्या लहान मुलाने सर्वांदेखत एक तुकडा काढावयाचा. आपल्या तहसील कचेरीतील चिठ्ठी काढणारे मूल अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलाचा वारसदार आहे. त्याहीपूर्वी ग्रीसमधील अथेन्स नगरीत न्यायसभेचे पंच निवडण्यासाठी दगडी यंत्र होते. त्याच्या खाचांत नागरिकांच्या नावांच्या धातूच्या पट्ट्या लावीत आणि नळीतून काळी-पांढरी सोंगटी पडेल त्याप्रमाणे ती ती रांग निवडली वा सोडली जाई. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. सोडत चव्हाट्यावर होई आणि तिची रीत सर्वांना समजे.

माणसे नशिबावर विश्वास ठेवीत म्हणून सोडत काढीत, असे कोणी म्हणेल. आमच्या मते ते अर्धेच खरे. सोडत काढली जाते ती माणसाच्या मर्जीवरचा विश्वास उडाला म्हणून. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार भल्या पहाटे फाटकाशी उभे राहत. त्यांतून आज कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी, आणि त्याची नजर कोणाकडे वळेल हे दस्तुरी, नाते आणि गावकी यांवर अवलंबून असे. १९३१ साली व्हिटली कमिशनने या जॉबरशाहीवर कडक टीका केली. त्या रांगेत दिवसामागून दिवस उभे राहून हात हलवीत परतणाऱ्याला विचारा. जॉबरच्या मर्जीपेक्षा फासा बरा, असेच तो सांगता. फासा कोणाचा मेहुणा नसतो.

परंतु मडके नीट हलविले नाही तर चिठ्ठीही पक्षपात करते. याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. व्हिएतनामच्या युद्धासाठी तरुणांना सक्तीने सैन्यात घेताना १ डिसेंबर १९६९ रोजी वाढदिवसांची सोडत काढण्यात आली. ३६६ तारखा ३६६ डब्यांत घालून काचेच्या भांड्यात टाकल्या होत्या. डब्या महिन्यामहिन्याने आणून ओतल्या गेल्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतील तारखा वरच राहिल्या व लवकर निघाल्या. डिसेंबरात जन्मलेल्या पोरांवर रणांगणाची पाळी इतरांपेक्षा अधिक आली. कोणाच्या मनात कपट नव्हते. फक्त भांडे नीट ढवळले नव्हते. पुढल्या वर्षी पद्धत बदलावी लागली.

चिठ्ठ्यांचा हा दोष ओळखून शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात आकड्यांची कोष्टके तयार केली. १९२७ साली इंग्लंडमध्ये एल. एच. सी. टिपेट यांनी शिरगणतीच्या अहवालांतील अंक घेऊन ४१,६०० अंकांचे पुस्तक छापले. त्यातला कोणताही अंक आधीच्या अंकावरून ओळखता येऊ नये, हेच त्याचे सामर्थ्य. आम्हांस या गृहस्थाविषयी विशेष कुतूहल आहे, कारण ते सूतगिरण्यांच्या संशोधन संस्थेत काम करीत. माग किती वेळ चालतो व किती वेळ थांबतो हे पाहण्यासाठी घड्याळ घेऊन कामगाराच्या डोक्यावर दिवसभर उभे राहण्याऐवजी, मधून मधून फेरी मारून त्या क्षणी कोणता माग थांबलेला आहे एवढेच टिपावे, ही रीत त्यांनी १९३५ च्या सुमारास मांडली. फेरीच्या वेळा मात्र साहेबाच्या सोयीने ठरविता कामा नयेत. जेवणाच्या सुट्टीनंतर मंद झालेला अर्धा तास वेचून काढला, तर साऱ्या खात्यावर आळसाचा शिक्का बसतो. पुढे १९५५ साली अमेरिकेच्या रँड कॉर्पोरेशनने विद्युत्‌यंत्राच्या साह्याने मिळविलेल्या दहा लक्ष अंकांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

आता आपल्या भाताच्या खाचरांकडे वळू. पीक किती आले हे पूर्वी नजरेने ठरत असे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण, आठ आणे म्हणजे निम्मे. यालाच आणेवारी म्हणत, आणि सारा सूट मिळणे न मिळणे तीवर लटकलेले असे. पाहणाऱ्याची नजर सरकारकडे झुकली की शेतकरी बुडाला. १९२० नंतरच्या दशकात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भाताच्या शेतांतून यदृच्छेने जागा निवडून, तेवढाच तुकडा कापून, उत्पन्न काढण्याचा प्रयोग केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत कोणता वाण कोणत्या वाफ्यात लावावयाचा हे सोडतीने ठरवावे असा नियम घालून दिला. आपल्या कर्जतच्या भातसंशोधन केंद्रातून कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ असे वाण निघाले. वाणाची पारख करताना चांगली जमीन एकाच्याच वाट्यास येऊ नये यासाठी अशा केंद्रांत वाफे सोडतीनेच वाटले जातात.

पीक कापणीचे हे शास्त्र भारतभर रुजविण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. लंडनला शिकून आल्यावर त्यांनी कृषी संशोधन परिषदेच्या कामात १९४० नंतरच्या दशकात देशभर पीक कापणी प्रयोगांची घडी बसविली. १९५१ पासून वीस वर्षे ते जागतिक अन्न व कृषी संघटनेत रोम येथे होते. कलकत्त्याचे प्राध्यापक महालनोबिस यांच्याशी त्यांचा एक वाद फार बोधप्रद आहे. लहानसा तुकडा कापून अंदाज काढावा की मोठा, हा तो वाद. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगते. दोरीच्या हद्दीवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. मोठ्या तुकड्यात अशा चार रोपांनी काही बिघडत नाही, लहान तुकड्यात मात्र हिशेबच बिघडतो. पक्षपात नेहमी हद्दीवर शिरतो, हे सूत्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे संगणकात ते पुन्हा भेटणार आहे.

या प्रयोगांत खाचर कसे निवडतात पाहा. कर्मचाऱ्याला वरून काही यादृच्छिक आकडे दिलेले असतात. गावात शेवटचा सर्व्हे नंबर तीनशे आहे असे समजू. आकडा तीनशेच्या आत असेल तर तोच सर्व्हे नंबर घ्यावयाचा. मोठा असेल तर त्याला तीनशेने भागून जी बाकी उरेल तो नंबर, आणि बाकी शून्य आली तर शेवटचा नंबर. नंतर त्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीत किती पावले व रुंदीत किती पावले जायचे हेही आकड्यांनीच ठरते. बांधाजवळचे पडलेले भात नको किंवा मधले दाट भात हवे, असे म्हणण्याचा अधिकार कापणाऱ्याला नाही आणि शेतकऱ्यालाही नाही. २०१६ पासूनच्या पीकविमा योजनेत भरपाईचा बराचसा हिशेब अशाच प्रयोगांवर झाला आहे. म्हणजे त्या चार पावलांवर साऱ्या मंडळाचे पैसे उभे असतात.

ही बाकीची रीत सुटसुटीत आहे. पण तीत एक बारीक खोट आहे. दिलेले आकडे १ ते ९९९ मधले असतील, तर ९०० पर्यंत तीनशेचे तीन पूर्ण फेरे होतात आणि प्रत्येक नंबराला तीन तीन संधी मिळतात. उरले ९०१ ते ९९९ हे नव्व्याण्णव आकडे. त्यांची बाकी येते १ ते ९९. म्हणजे पहिल्या नव्व्याण्णव नंबरांना चार चार संधी आणि पुढच्या दोनशे एकांना तीन तीनच. गावाच्या एका अंगाची शेते दुसऱ्या अंगाच्या शेतांपेक्षा अधिक वेळा निघणार! पहिले नंबर ओढ्याकाठच्या ओलिताचे आणि शेवटचे डोंगराच्या कडेचे असतील तर तालुक्याचे पीक कागदावर वाढेल. उपाय सोपा आहे. नऊशेच्या वरचा आकडा आला की तो टाकून द्यावा व दुसरा घ्यावा. थोडे श्रम वाढतात, परंतु न्याय होतो.

आता यंत्राकडे येऊ. संगणकाला चिठ्ठी काढता येत नाही. तो आज्ञाधारक नोकर आहे, त्याला मन नाही आणि लहरही नाही. मग तो यदृच्छेने आकडा कसा देणार? १९४० नंतरच्या दशकात जॉन फॉन नॉयमन यांनी एक युक्ती काढली. चार अंकी आकडा घ्यावा, त्याचा वर्ग करावा व मधले चार अंक उचलावेत. तोच पुढचा आकडा. श्रोत्यांनी घरी करून पाहावे. २१०० चा वर्ग ०४४१००००, मधले अंक ४१००. त्यावरून ८१००, त्यावरून ६१००, आणि त्यावरून पुन्हा २१००! घाण्याचा बैल फिरून जागेवर आला. १९४९ साली डी. एच. लेमर यांनी याहून बरी रीत सुचविली. आधीच्या आकड्याला एका ठराविक संख्येने गुणावे, दुसऱ्या ठराविक संख्येने भागावे आणि बाकी घ्यावी. दीर्घकाळ जगभरचे संगणक याच रीतीवर चालले. परंतु गुणक चुकीचा निवडला तर काय होते? १९६० नंतरच्या दशकात आय.बी.एम. यंत्रांवर रँडू नावाची एक आज्ञावली सर्रास वापरली जाई. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखविले की, अशा रीतीचे आकडे तिनाच्या गटांनी अवकाशात मांडले तर ते मोजक्याच समांतर पातळ्यांवर पडतात. रँडूच्या बाबतीत या पातळ्या अवघ्या पंधरा आहेत. मुठीने विखरून फेकलेले बी वाटावे आणि पाहावे तो दोरी धरून लावणी केलेली रोपे निघावीत, तसा हा प्रकार झाला.

अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ‘सी’ नावाची आज्ञाभाषा तयार केली. जगातील कितीतरी यंत्रे आजही तिच्यावर चालतात आणि आपल्या गावची मुले महाविद्यालयात तीच शिकतात. तीत यादृच्छिक आकडा देणारे ‘रँड’ नावाचे साधन आहे. ते शून्यापासून एका ठराविक कमाल आकड्यापर्यंत पूर्णांक देते. १९८९ च्या प्रमाणाप्रमाणे ही कमाल किमान ३२,७६७ तरी असावी लागते, आणि अनेक यंत्रांवर ती नेमकी तेवढीच ठेवली गेली. आपल्याला हव्या त्या मर्यादेत आकडा आणण्यासाठी विद्यार्थी काय करतो? आपल्या खाचरांप्रमाणेच भागाकार करून बाकी घेतो! ५ ते १२ मधला आकडा हवा तर आठाने भागतो व बाकीत पाच मिळवितो. सातने भागले तर बारा कधीच येणार नाही. पाच ते बारा यांत अंतर सात असले तरी आकडे आठ आहेत, जसे सात गाळ्यांच्या कुंपणाला खांब आठ लागतात.

येथेही हद्दीवर तोच पक्षपात शिरतो. रँडचे ३२,७६८ आकडे शंभरात वाटले तर पहिल्या अडुसष्ट आकड्यांना ३२८ आणि उरलेल्या बत्तीसांना ३२७ संधी. हा फरक नगण्य आहे. परंतु पंचवीस हजार अर्जदारांत वाटले तर? पहिल्या ७,७६८ जणांना दोन दोन संधी आणि बाकीच्या १७,२३२ जणांना एकच. आणि अर्जदार दीड लाख असले तर ३२,७६८ च्या पुढच्या एकाही माणसाचे नाव निघणारच नाही! यंत्र पडद्यावर आकडे गरगर फिरवील, टाळ्या पडतील, आणि लाखाहून अधिक माणसे मुळात मडक्यातच नसतील.

दुसरी गोष्ट बीजाची. हे साधन पहिल्या आकड्यावरून, म्हणजे बीजावरून, पुढची सगळी मालिका काढते. बीज न दिल्यास ‘सी’ भाषेत ते एक धरले जाते आणि प्रत्येक वेळी तीच मालिका निघते. म्हणून पुष्कळ लोक घड्याळातील सेकंद हे बीज म्हणून देतात. सोडत दहा ते अकराच्या दरम्यान असेल तर त्या तासात सेकंद ३,६००, म्हणजे शक्य निकालही ३,६००च. एखाद्याने ते सगळे आदल्या रात्री काढून पाहिले आणि नेमक्या सेकंदाला कळ दाबली, तर जॉबर पुन्हा फाटकावर येऊन बसला म्हणावयाचे.

हे सारे आम्ही का सांगतो? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या, आणि त्या जमिनींच्या काही वाट्यावर कामगारांना घरे द्यावीत यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अर्जदार सुमारे दीड लाख. म्हाडाने २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत काढली. २०१६ मध्ये २,६३४ घरांची आणि आपल्या शेजारच्या पनवेल तालुक्यातील कोन येथील २,४१७ घरांची, तर १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची. या चार सोडतींतली घरे मिळून १५,८७० होतात. दहा माणसांमागे एक घर, असा हा हिशेब आहे. कोनची घरे सोडत निघूनही २०२० च्या साथीत विलगीकरणासाठी गेली आणि ताबा लांबला. या सोडतींत वर सांगितलेली चूक झाली असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दीड लाख लोकांचे भवितव्य एका यंत्रातील भागाकारावर असेल तर तो भागाकार पाहण्याचा त्यांना हक्क आहे.

कारखाना तपासणीचेही तेच. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्र सरकारने नवी पद्धत जाहीर केली. निरीक्षकाने कोठे जायचे हे संगणक सोडतीने ठरविणार आणि ७२ तासांत अहवाल द्यावयाचा. अशा योजना राज्यांतही आल्या. निरीक्षकाची मर्जी संपली हे ठीक झाले. परंतु खालापूर तालुक्यातल्या रासायनिक कारखान्यातील वायुगळती सोडतीत आपला नंबर लागण्याची वाट पाहत नाही. जेथे धोका अधिक तेथे संधी सारखी ठेवणे म्हणजे न्याय नव्हे. कामगाराने तक्रार केली तर तपासनीस आलाच पाहिजे. तेथे चिठ्ठीचा प्रश्नच येता कामा नये.

तेव्हा मागण्या तीन. यंत्राने चालणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक सोडतीची आज्ञावली आधी प्रसिद्ध करावी. अर्जदारांची यादी क्रमांकांसह आधी लावावी व ती नंतर हलवू नये. आणि बीज घड्याळातून घेऊ नये. सर्वांदेखत, शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या नीट ढवळून, लहान मुलाच्या हातून एकेक काढीत ते मोठे बीज बनवावे. चिठ्ठी दर वेळी परत मडक्यात टाकावी. मग तेच बीज घालून कोणालाही आपल्या घरी सोडत पुन्हा काढून पडताळता येईल. उत्तरमेरूरचे मडके आणि आजचे यंत्र यांचा असा संयोग झाला तर दोघांचेही गुण मिळतील. हे तपासणे आपल्याच महाविद्यालयातील मुलांना सहज साधेल. शिकलेल्या विद्येचा गावाला याहून चांगला उपयोग कोणता?

एक गोष्ट मात्र विसरू नये. निर्दोष सोडतही घरे वाढवीत नाही. दहांत एक भाकरी असताना ती कोणाला द्यावी, एवढेच ती प्रामाणिकपणे सांगते. उरलेल्या नवांची भूक ती भागवीत नाही. ते काम संघटनेचे आहे. सोडतीत नाव निघाले नाही म्हणून आपले नशीब फुटके असे मानून जो घरी बसतो, त्याने गणितही समजून घेतले नाही आणि आपला हक्कही ओळखला नाही.